ग्रेहाउंड शर्यती : कोण जिंकेल हे विचारण्याआधी पहिलं वळण वाचायला शिका

वळणवेडा

मंडळी, ग्रेहाउंडवर पैसे लावण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, "आज कोण लागेल?" या प्रश्नाने सुरुवात करणारा माणूस वर्षानुवर्षं खेळूनही पुढे सरकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी बरीच वर्षं ब्रिटनमधल्या शर्यती बघतोय, कार्डं (शर्यतीतल्या कुत्र्यांची माहिती देणारी छापील पत्रकं) वाचतोय, नोंदी ठेवतोय. त्यातून जे पक्कं झालं ते इथे मांडतो. बाकीच्यांनी भर घालावी, चुकत असेन तिथे भांडावं.

ब्रिटनमध्ये एका शर्यतीत सहा कुत्रे असतात. प्रत्येकाच्या अंगावर ट्रॅपच्या (ज्या खोक्यातून तो सुटतो त्याच्या) रंगाचं जॅकेट असतं: एक लाल, दोन निळं, तीन पांढरं, चार काळं, पाच नारिंगी, सहा काळे-पांढरे पट्टे. हे रंग तोंडपाठ हवेत, कारण पुढचा सगळा अभ्यास व्हिडिओ बघून करायचा आहे आणि तीस सेकंदांच्या शर्यतीत खाली बघून नंबर शोधायला वेळ मिळत नाही.

कुत्र्यावर जॉकी नसतो, हे लोक विसरतात. घोड्याला आवरून धरता येतं, मागे ठेवता येतं, फट दिसली की काढता येतं. कुत्रा ट्रॅप उघडला की त्याच्या सवयीने पळतो. कोणी आतल्या रेलला (कडेच्या कठड्याला) चिकटतो, कोणी मधून जातो, कोणी वळणावर बाहेर फेकला जातो. सवय सहसा बदलत नाही, आणि आपल्याला अंदाज बांधता येतो तो तेवढ्यामुळेच.

आता मुद्दा. पहिल्या वळणावर सहाही जण एकाच वेळी एकाच अरुंद जागेत शिरतात. तिथे जो मोकळा सुटला त्याचं निम्मं काम झालं. जो आपटला, अडला, त्याच्या अंगात कितीही वेग असो, चार-पाच लांब्या (एक लांबी म्हणजे कुत्र्याच्या अंगाएवढं अंतर) तिथेच गेल्या. म्हणून मी आधी भाव बघतच नाही. कागदावर सहा रेघा ओढतो आणि पहिल्या वळणाचं चित्र काढतो.

एक नमुना देतो. समजा कार्डावर सेक्शनल वेळा अशा आहेत (ट्रॅपपासून विनिंग लाइन पहिल्यांदा ओलांडेपर्यंतची वेळ म्हणजे सेक्शनल):

एक नंबर रेलवाला, 4.15. दोन नंबर रेलवाला, 4.00. तीन नंबर 4.02, पण मागच्या प्रत्येक शर्यतीत आत ओढत गेलेला. चार नंबर 4.20, उशिरा सुटणारा. पाच नंबर मधून पळणारा, 4.12. सहा नंबर रुंद पळणारा, 4.08.

निव्वळ वेळ बघणारा म्हणेल, दोन किंवा तीन. बाजारही तेच म्हणतो. चित्र काढलं की वेगळंच दिसतं. एक नंबर हळू आहे, म्हणून दोनला रेल मिळेल. तीन जवळजवळ त्याच्या बरोबरीने येतोय आणि त्यालाही तीच रेल हवी आहे. दोघे वळणाच्या तोंडाशी खांद्याला खांदा लावून भिडणार, आणि मागून येणारा एक नंबर त्या गर्दीत अडकणार. चार आणि पाच हळू सुटतात, म्हणजे सहाच्या आतल्या बाजूला मोठी मोकळी जागा. तो त्याच्या रुंद वाटेने कोणालाही न शिवता वळणार. सहा हा सहातला सगळ्यात वेगवान कुत्रा नाही, तरी या शर्यतीत त्याची संधी वेळेवरून दिसते त्यापेक्षा मोठी आहे. माझ्या हिशेबाने शंभरात बावीस.

बावीस! म्हणजे अठ्ठ्याहत्तर वेळा तो हरणार, हे लावतानाच माहीत असायला हवं. चित्र काढून झालं की मग भाव बघायचा. भाव बावीस टक्क्यांपेक्षा कमी संधी दाखवत असेल तर लावायचं, नाहीतर पुढच्या कार्डावर जायचं. बहुतेक शर्यतींत चित्र धूसरच राहतं. तिथे हात लावायचा नाही.

---

चौकस

छान सुरुवात. पण नवख्याला कार्ड वाचताच येत नाही हो. इतके आकडे आणि तुटक शेरे असतात की डोकं गरगरतं. कुठून सुरू करावं?

---

वळणवेडा

चौकस, शेऱ्यांपासून करा. शेवटी आलेल्या नंबरापेक्षा शेरा जास्त बोलतो. समजा एका कुत्र्याच्या मागच्या शर्यतीचा नंबर पाचवा आहे आणि शेरा आहे "स्लो अवे, पहिल्या वळणावर क्राउडेड, रॅन ऑन". म्हणजे उशिरा सुटला, गर्दीत अडकला, तरी शेवटी पुढे येत होता. दुसऱ्याचा नंबर दुसरा आहे आणि शेरा "अर्ली पेस, लेड टू थर्ड, फेडेड". हा मोकळा पळाला, कोणी अडवलं नाही, तरी दमला. वर्तमानपत्रातला आकडा बघणाऱ्याला दुसरा कुत्रा आवडतो. मला पहिला.

पण इथे थांबू नका. पहिला जर दर वेळी उशिरा सुटत असेल तर तो दर वेळी गर्दीत अडकणारच. त्याचं अडकणं नशीब नसून सवय आहे. पाच-सहा शर्यतींचे शेरे ओळीने वाचा. एकदाच "स्लो अवे" असेल तर माफ, सलग असेल तर तो त्याचा स्वभाव.

मग वेळ. लाल-निळ्याइतकंच पाठ करा: ब्रिटनमध्ये एक लांबी म्हणजे 0.08 सेकंद. आणि गोइंग. वाळूचा ट्रॅक पाण्याने, वाऱ्याने जलद-मंद होतो, म्हणून अधिकारी त्या वेळचा फरक ठरवतात, सेकंदाच्या शंभराव्या भागात. उदाहरण घ्या. विजेता 24.50 मध्ये आला, गोइंग उणे 20. म्हणजे ट्रॅक 0.20 ने मंद होता, विजेत्याची खरी वेळ 24.30. आपला कुत्रा अडीच लांब्यांनी मागे होता, म्हणजे 0.20. तो आला 24.70 मध्ये, गोइंग वजा केलं की 24.50. कार्डावर ही हिशेब केलेली वेळ छापलेली असतेच, पण ती कशी आली हे कळलं पाहिजे. ढुश्या खात आलेली 24.50 आणि मोकळ्या रानात पळालेली 24.50 कागदावर सारखीच दिसते.

---

आकडेमोड

धागा आवडला. वळणवेडा साहेबांच्या नमुन्याला मी भाव जोडतो, कारण खरा घात तिथे होतो.

समजा त्याच शर्यतीचे भाव असे लागले, दशांशात (3.0 म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर मूळ धरून तीन परत): दोन नंबर 3.0, तीन नंबर 3.5, एक नंबर 5.0, सहा नंबर 6.0, पाच नंबर 7.0, चार नंबर 11.0. प्रत्येक भावाने 100 ला भागा. येतात 33.3, 28.6, 20, 16.7, 14.3, 9.1. बेरीज 122. खऱ्या शक्यतांची बेरीज 100 च असू शकते, वरचे 22 बुकीचे. डोळे मिटून सगळ्या कुत्र्यांवर त्या त्या प्रमाणात लावलंत तर 122 घालून 100 परत मिळतील, म्हणजे शेकडा 18 गेले. नुसतं "मला कुत्र्यांतलं कळतं" एवढ्यावर हा चढ चढता येत नाही. बाजारापेक्षा थोडं बरं कळणंही पुरत नाही, 18 टक्के भरून निघतील इतकं बरं कळावं लागतं.

म्हणून प्रत्येक शर्यत सुरू होण्याआधी ही बेरीज करा. वेगवेगळ्या ठिकाणी ती वेगळी येते. एक्स्चेंजवर, म्हणजे लावणारे बुकीशिवाय एकमेकांशीच डाव लावतात तिथे, ती 100 च्या जवळ असते, पण तिथे जिंकल्यावर कमिशन कापतात, आणि कुत्र्यांच्या बाजारात पैसा शेवटच्या मिनिट-दोन मिनिटांतच येतो. आधी बघाल तर भाव पोकळ असतात.

---

निशिगंध

सहा नंबरचा भाव 6.0 म्हणजे बाजार 16.7 म्हणतोय, वळणवेडा 22 म्हणतायत. मग किती लावायचे? सगळेच कुठे ना कुठे अडतात ते इथे.

---

आकडेमोड

निशिगंधताई, नेमका प्रश्न. बेल लॅब्समधल्या जॉन केलींनी 1956 मध्ये एक सूत्र मांडलं. निव्वळ नफ्याचा भाव गुणिले जिंकण्याची शक्यता, त्यातून हरण्याची शक्यता वजा, आणि उत्तराला त्याच नफ्याच्या भावाने भागायचं. भाव 6.0, म्हणजे नफा 5. शक्यता 0.22. 5 गुणिले 0.22 म्हणजे 1.10, वजा 0.78 म्हणजे 0.32, भागिले 5 म्हणजे 0.064. बाजूला काढलेल्या रकमेच्या 6.4 टक्के.

आता शक्यता 18 टक्के धरून बघा, उत्तर येतं 1.6 टक्के. 16 धरलं तर उत्तर उणे, म्हणजे लावूच नका. सहा टक्क्यांनी अंदाज हलला तर "भरपूर लावा" चं "लावू नका" होतं. आणि पहिल्या वळणाचा अंदाज सहा टक्क्यांनी हुकणं ही रोजची गोष्ट आहे. त्यामुळे केलींच्या सूत्राचं पूर्ण उत्तर मी कधीच वापरत नाही, त्याचा चौथा हिस्सा वापरतो. नवख्याने तर सूत्रही बाजूला ठेवावं आणि प्रत्येक वेळी रकमेचा एक टक्का, ठरलेला, एवढंच करावं.

दुसरं, पाचातला एक लागतो अशा कुत्र्यांवर लावत असाल तर सलग दहा हरण्याची शक्यता साधारण दहातली एक आहे. शेकड्यांनी डाव झाले की सलग वीसही एखादवेळी येतात. पद्धत बरोबर असतानाही येतात. ज्याला हे आधी माहीत नसतं तो अकराव्या वेळी रक्कम दुप्पट करतो आणि तिथेच संपतो.

---

पाऊलखुणा

मला वाटतं तुम्ही सगळे फार गुंतागुंत करताय. एक नंबर ट्रॅपला रेल मिळते, वळण सगळ्यात जवळचं. आकडेवारी काढा, बहुतेक ट्रॅकवर एक नंबर सहातल्या एकापेक्षा जास्त जिंकतो. तेवढं धरून चाला की!

---

वळणवेडा

पाऊलखुणा, निरीक्षण खोटं नाही, पण त्यावरून पैसे निघत नाहीत. ही आकडेवारी बुकीलाही माहीत असते आणि भावात आधीच बसलेली असते.

आणखी एक. ब्रिटनमध्ये कुत्र्यांना त्यांच्या वाटेप्रमाणे ट्रॅप देतात. रेलवाले आत, रुंद पळणारे बाहेर, त्यांच्या नावापुढे तसं छापतात. म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या ट्रॅपमधले कुत्रे मुळातच तिथे शोभणारे असतात. ऑस्ट्रेलियात आठ कुत्रे पळतात आणि बहुतेक शर्यतींत बॉक्स (तिकडे ट्रॅपला बॉक्स म्हणतात) चिठ्ठ्यांसारखा वाटला जातो, रुंद पळणारा एक नंबरात आणि रेलवाला आठमध्ये येऊ शकतो. तिथे ट्रॅपचा अभ्यास फार वेगळा होतो. रंगही वेगळे, तिथे दोन नंबर काळे-पांढरे पट्टे आणि सहा नंबर हिरवा. इकडचं डोकं तिकडे चालत नाही.

ट्रॅकही एकसारखे नाहीत. रॉमफर्ड लहान आणि घट्ट वळणांचा, तिथे 400 मीटरला सुरुवातीचा वेग म्हणजे जवळजवळ सगळं काही. टोस्टर मोठा, मोकळा, तिथे 500 मीटरवर इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी ही मोठी स्पर्धा होते. मागून येणाऱ्याला तिथे संधी असते. एका ट्रॅकवरची वेळ दुसऱ्याशी ताडून बघायचीच नाही. कुत्रा नव्या ट्रॅकवर आला असेल तर त्याची तिथली ट्रायल (सरावाची धाव) शोधा.

---

चौकस

ग्रेडबद्दल कोणी सांगेल का? ए4 मधून ए6 मध्ये उतरलेला कुत्रा दिसला की लावावंसं वाटतं.

---

मुक्तछंद

मी सांगते. ग्रेड ठरवतो ट्रॅकचा रेसिंग मॅनेजर, आणि त्याचं कामच सहा सारख्या ताकदीचे कुत्रे एकत्र आणणं हे आहे. जिंकला की वर, हरत राहिला की खाली. त्यामुळे ग्रेडेड शर्यतीत ठसठशीत फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचा कुत्रा) सहसा नसतोच. फेव्हरिट साधारण तीनात एकदा जिंकतो, आणि त्याचा भाव त्या मानाने कमीच असतो.

उतरलेला कुत्रा बघितला की आधी विचारा, का उतरला? वाईट ट्रॅप मिळत गेले आणि ढुश्या खाल्ल्या म्हणून उतरला असेल तर लक्ष द्या. सेक्शनल वेळच हळूहळू वाढत चालली असेल तर तो थकतोय, वय होतंय, किंवा कुठेतरी दुखतंय. वजन बघा. मागच्या शर्यतीपेक्षा एक किलोहून जास्त फरक पडला तर त्याला पळूच देत नाहीत, पण त्याच्या आतलाही कल बोलतो.

माद्यांच्या बाबतीत कार्डावर सीझनची (माजावर आल्याची) तारीख छापलेली असते, ती बहुतेक जण वाचतच नाहीत. सीझननंतर काही आठवडे तिला शर्यतीत उतरवत नाहीत. परत आल्यावर आधी जडपणा असतो, मग एक काळ असा येतो की ती आठवड्यागणिक सुधारते. मागचे सहा नंबर खराब आणि आत्ताची सेक्शनल सुधारती, अशी मादी दिसली की मी कार्ड बाजूला काढून ठेवते. माझ्या नोंदवहीत सगळ्यात जास्त पानं अशाच माद्यांची आहेत.

---

पाऊलखुणा

बरं, ट्रॅपचा मुद्दा मागे घेतो. फोरकास्ट आणि ट्रायकास्टचं काय? थोड्या पैशांत मोठी रक्कम मिळते.

---

आकडेमोड

फोरकास्ट म्हणजे सहा कुत्र्यांत पहिले दोन क्रमाने सांगायचे, त्याच्या 30 जोड्या; ट्रायकास्ट म्हणजे पहिले तीन क्रमाने, त्याच्या 120. जितक्या जोड्या जास्त तितका मध्ये कापला जाणारा हिस्साही सहसा जास्त. वळणाचं चित्र अगदी स्वच्छ असेल, दोघे मोकळे आणि बाकी चौघे एकमेकांत अडकणार असं दिसत असेल, तरच फोरकास्टला अर्थ आहे.

टोटवर लावत असाल तर आणखी एक ध्यानात घ्या. तिथे सगळ्यांचे पैसे एका पेटीत जातात आणि जिंकणाऱ्यांत वाटले जातात, म्हणून तुमचीच रक्कम तुमचा भाव पाडते. याचा उलटा फायदा 1964 मध्ये डॅगनम ट्रॅकवर एका टोळीने घेतला. टोटच्या खिडक्यांवर आपलीच माणसं उभी केली, दुसऱ्या कोणाला फोरकास्ट लावताच येऊ नये म्हणून, आणि बाहेरच्या बुकींकडे टोटच्या भावाने डाव लावून ठेवले. पेटीत जिंकणारं तिकीट जवळजवळ नव्हतंच, भाव 900 पौंडांच्या वर गेला. पेटीचं गणित कसं चालतं ते या एका गोष्टीतून कळतं.

---

निशिगंध

मला एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती टाळून हा धागा पुढे जाऊ नये असं वाटतं. तुम्ही ज्या पहिल्या वळणावर इतकं बारकाईने लिहिताय, कुत्रे जखमी होतात ते बरेचदा तिथेच. "बम्प्ड", "ब्रॉट डाउन" हे शेरे म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने आदळलेली शरीरं आहेत. फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये या शर्यती बंद करायचा कौल दिला. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर 2024 मध्ये बंदी जाहीर केली, वेल्स सरकारनेही 2025 मध्ये तोच निर्णय सांगितला. तुमचं यावर काय म्हणणं आहे?

---

वळणवेडा

निशिगंध, बरं झालं विचारलंत. ही टीका खरी आहे आणि मी ती मान्य करतो. ब्रिटनमधलं नियामक मंडळ दर वर्षी दुखापतींचे आणि मृत्यूंचे आकडे जाहीर करतं, ते मी वाचतो. ते वाचूनही मी बघतो, पण काही गोष्टी पाळतो. मंडळाच्या परवान्याबाहेरच्या ट्रॅकवर एक पैसाही लावत नाही. लंगडत परतलेल्या, लगेच पुन्हा उतरवलेल्या कुत्र्याच्या शर्यतीत हात घालत नाही, भाव कितीही चांगला असो. निवृत्त ग्रेहाउंड घरी नेणाऱ्या संस्थांना दर वर्षी पैसे देतो. यापुढे जाऊन कोणी म्हणालं की बघूच नये, तर त्या माणसाचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

---

मुक्तछंद

यालाच जोडून. माणसांनाही हा खेळ इजा करतो. दिवसभर वेगवेगळ्या ट्रॅकवर दर काही मिनिटांनी शर्यत असते. हरल्यावर श्वास घ्यायच्या आत पुढची समोर येते. घोड्यांच्या शर्यतीत मध्ये वेळ जातो, इथे जात नाही. म्हणून मी सकाळी कार्डं वाचून शर्यती निवडते, भाव किती असेल तर लावायचं ते लिहून ठेवते आणि त्याबाहेर एकही नाही. भाव मिळाला नाही तर शर्यत बघतही नाही. हातातून सुटतंय असं वाटलं तर ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की सगळ्या परवानाधारक ऑनलाइन साइट्स तुमच्यासाठी बंद होतात. घरभाड्याचे, मुलांच्या फीचे पैसे ज्यात मिसळले जातात तो डाव कितीही अभ्यासाचा असो, तो लावूच नये.

---

चौकस

शेवटचा प्रश्न. मी अजून एक पैसाही लावलेला नाही. सुरुवात नेमकी कशी करू?

---

वळणवेडा

एकच ट्रॅक निवडा, एकच अंतर. तिथल्या शर्यतीचा व्हिडिओ सहा वेळा बघा, दर वेळी एकाच जॅकेटवर डोळे ठेवून. पहिल्यांदा फक्त लाल. सुटला कसा, पहिल्या वळणाआधी आत ओढला की सरळ गेला, कोण त्याला शिवलं. मग निळा. छापलेला शेरा आणि तुम्हाला दिसलेलं यात कुठे फरक पडतो ते लिहा. शेरा लिहिणारा माणूस एकाच नजरेत सहा कुत्रे बघतो, त्याच्याकडून काहीतरी सुटतंच. तो फरक बाजाराला दिसत नाही, तुम्हाला दिसतो.

मग पुढच्या कार्डावर भाव झाकून चित्र काढा, प्रत्येक कुत्र्याला टक्के द्या, सहांची बेरीज 100 झालीच पाहिजे. नंतर भाव उघडा. कागदावर "लावले" असं लिहा, खरे पैसे नाहीत. तुम्ही लिहिलेला भाव आणि शर्यत सुटतानाचा शेवटचा भाव, दोन्ही शेजारी नोंदवा. तुमचा भाव शेवटच्या भावापेक्षा सातत्याने मोठा येत असेल तर बाजार तुमच्या मागून येतोय. येत नसेल, तर निकाल चांगले दिसत असले तरी पाकीट उघडू नका.

---

चौकस

रॉमफर्ड, 400 मीटर. आज रात्रीपासून लालपासून सुरुवात करतो. चार शर्यतींच्या नोंदी झाल्या की इथेच टाकतो, तपासून द्या.

---

मुक्तछंद

टाका. सीझनच्या तारखा आठवणीने लिहा.